घंटीवरचा हात

दूरचित्रवाणीवरील प्रश्नमंजूषेकडे आपल्या चळवळीतील टीकाकारांनी फारसे गंभीरपणे पाहिलेले नाही. भांडवली करमणूक असा शिक्का मारला की आपले काम संपते. माझे संपत नाही, कारण या खेळात मी हरलेलो आहे.

सप्टेंबर २०१९ मध्ये अंजनगाव सुर्जीच्या बबिता ताडे यांनी 'कौन बनेगा करोडपती'मध्ये एक कोटी रुपये जिंकले. शाळेत खिचडी शिजविण्याचे त्यांचे मानधन त्या वेळी महिना दीड हजार रुपये होते. या दराने एक कोटी जमायला ५५५ वर्षे लागतात. हा हिशेब मी तेव्हा वर्गात फळ्यावर मांडला होता. पडद्यावर तोच आकडा करुणरसाचा विषय झाला. हे मानधन कोणी ठरविले, हा प्रश्न विचारण्याची सोय त्या खेळात नाही. स्पर्धकाने प्रश्न विचारायचा नसतो.

पण मला बोलायचे आहे ते दुसऱ्याच गोष्टीबद्दल. त्यांना एक कोटीसाठी विचारलेला प्रश्न होता, बहादूरशहा जफरच्या दरबारातील कोणत्या कवीने १८५७ चा स्वानुभव 'दास्तान-ए-गदर' म्हणून लिहिला? उत्तर, जहीर देहलवी. हे उत्तर चुलीने शिकविले नाही. ते वाचनाने येते. २००८ च्या 'स्लमडॉग मिलिऑनेर' या चित्रपटाने जगभर एक गोड समजूत पसरविली, की झोपडपट्टीतल्या पोराला प्रत्येक उत्तर त्याच्या जखमेतून सापडते. ती समजूत आपल्यालाही आवडते, हे कबूल केले पाहिजे. अनुभव हेच आपले भांडवल असे आपण इतक्या वेळा म्हटले आहे, की आपल्यातला कोणी रात्री जागून परक्या दरबारातला कवी पाठ करतो तेव्हा त्या कष्टाला नाव द्यायला आपल्याजवळ शब्द उरत नाही. तिला गरिबीने शिकविले असे म्हणणे म्हणजे तिच्या वाचनाचे श्रेय गरिबीला देणे होय.

आता माझी गोष्ट. साल २०११, अकोला. एका स्थानिक केबल वाहिनीसाठी आंतरमहाविद्यालयीन प्रश्नमंजूषा होती. समोर अमरावतीचा एक विद्यार्थी, तीन वर्षांचा अजिंक्य. माझे वडील जिनिंगमध्ये हमाल. घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला. प्रश्न आला, सरकीचे तेल काढल्यावर जे उरते त्याला काय म्हणतात? ढेप! सुट्ट्यांत तिची पोती मी पाठीवर वाहिलेली. पण माझा हात घंटीवर गेला नाही. आधी मनात उत्तर तपासले, मग ढेप म्हणावे की पुस्तकी शब्द सांगावा याचा विचार केला, मग आपल्याला कोणी बोला म्हणाले आहे काय ते पाहिले. तेवढ्यात त्याने घंटी दाबली, क्षणभर छताकडे पाहिले आणि म्हणाला, "पेंड." बरोबर! त्याने घंटी दाबली तेव्हा उत्तर त्याच्यापाशी नव्हते, हे मी शपथेवर सांगतो. उत्तर आपल्याला येईलच हा विश्वास होता. तो विश्वास कुठल्या वाचनालयात मिळतो?

अमेरिकेत 'जेपर्डी' नावाचा असाच खेळ आहे. २००४ मध्ये केन जेनिंग्ज तिथे सलग ७४ वेळा जिंकला. त्या खेळात प्रश्न वाचून होण्याआधी बटन दाबले तर क्षणभर ते बंद पडते. अजिंक्याचे बोट त्या क्षणाला सरावलेले असते आणि नवखा त्या दिवशी पहिल्यांदाच बटन हाती धरतो. म्हणजे ज्ञान समान मानले तरी स्पर्धा समान नाही. शेवटी त्याला हरविले नॅन्सी झर्ग या जमीन-घरांचे व्यवहार करणाऱ्या बाईने. निर्णायक प्रश्न होता वर्षातले चारच महिने काम देणाऱ्या एका कंपनीचा. उत्तर, लोकांची करविवरणे भरून देणारी कंपनी. जेनिंग्ज आपले करविवरण स्वतःच भरत असे. त्याला ती आठवली नाही. हंगामी कामाच्या प्रश्नावर अजिंक्य पडावा याचा मला, खरे सांगतो, आनंद झाला. पण पुढच्याच खेळात झर्गबाई तिसऱ्या आल्या, हेही नोंदविले पाहिजे. एका विजयाने सराव मिळत नाही.

आपल्या वऱ्हाडाला प्रश्नोत्तरांचा दुसराही एक प्रकार ठाऊक आहे. बबिताताईंच्याच तालुक्यातील शेंडगावी १८७६ मध्ये जन्मलेले गाडगेबाबा कीर्तनात प्रश्न विचारीत आणि समोरचा सगळा जमाव उत्तर देई. घंटी नाही, बक्षीस नाही. न शिकलेला माणूसही तिथे मोठ्याने बोले, कारण चुकल्यास बाहेर काढणारे कोणी नसे. मात्र कीर्तन संपल्यावर तोच माणूस कचेरीत गेला की पुन्हा मुका होई. म्हणून त्या परंपरेचा नुसता गौरव करून माझे भागत नाही.

गेल्या वर्षी मी स्वतःच्या खर्चाने दोन घंट्या आणल्या. दर शनिवारी पहिल्या वर्षाची मुले-मुली बसतात. नियम एकच, आधी दाबा, मग आठवा. सुरुवातीला महिनाभर त्या घंट्या वाजल्याच नाहीत. परवा माझा प्रश्न अर्धाही झाला नव्हता तोच दर्यापूरकडच्या एका मुलीने घंटी दाबली. मी थांबलो. वर्ग तिच्याकडे पाहू लागला. तिला उत्तर येत नव्हते, ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होते.

"थांबा सर," ती म्हणाली, "सांगतो ना मी."