‘निवासी’ अर्जांची तुलना : भारत आणि चीन

देशोदेशींच्या उद्योजकतेचे माप काढण्यासाठी व्यापारचिन्हांच्या अर्जांची संख्या पुढे करण्याचा प्रघात अलीकडे पडला आहे. जागतिक बौद्धिक संपदा संघटनेच्या कोष्टकांत २०२० या वर्षी चीनच्या नावावर सुमारे ९३ लाख, तर भारताच्या नावावर सुमारे सव्वाचार लाख असे आकडे दिसतात. दोन्हीकडे त्यांतील बहुतांश ‘निवासी’ अर्जदारांचे आहेत. एवढ्यावरून भारतीय व्यापाऱ्यास निरुत्साही ठरविणे सोपे आहे. परंतु तत्पूर्वी कोष्टकातील शब्दांचा अर्थ तपासणे अगत्याचे ठरते.

वरील आकडे मुळात अर्जांचे नव्हेत, वर्गांचे आहेत. नाइस वर्गीकरणानुसार वस्तूंचे ३४ व सेवांचे ११ वर्ग मानले जातात, आणि एका अर्जात तीन वर्ग मागितले तर ते तीन मोजले जातात. दीर्घ कालमालिकेत आणखी एक खोट आहे. सेवाचिन्हांची नोंदणी चीनमध्ये १९९३ च्या दुरुस्तीने, तर भारतात १९९९ चा कायदा १५ सप्टेंबर २००३ रोजी अंमलात आल्यावर सुरू झाली. मधल्या दशकात एका देशातील बँका व उपाहारगृहे मोजली जात होती, दुसऱ्यातील नव्हती. अशा रेषा एकाच आलेखावर ओढणे म्हणजे निरनिराळ्या गजांनी कापड मोजणे होय.

खरा भेद कायद्याच्या वृत्तीत आहे. चीनमध्ये जो प्रथम अर्ज करील त्याचा हक्क, हे मूळ सूत्र. म्हणून वापर नसतानाही चिन्हे नोंदवून ठेवण्याची ईर्षा तेथे बळावली, आणि अखेर २०१९ मध्ये वापराचा हेतू नसलेले दुष्ट अर्ज नाकारण्याची तरतूद करावी लागली. भारतीय कायदा पूर्ववापरास मान देतो, आणि नोंदणी नसलेल्या चिन्हाच्या नक्कलेविरुद्धही दाद मागता येते. चाळीस वर्षे एकाच नावाने मसाला विकणारा दुकानदार कोष्टकात कोठेच नसतो. तेवढ्याने त्याचे नाव बेवारस ठरत नाही. त्यात २०१७ साली चीनने प्रत्येक वर्गाचे शुल्क ६०० युआनवरून ३०० वर आणले, तर भारताने त्याच वर्षी ऑनलाइन अर्जाचे ४,००० रुपयांवरून ९,००० केले (व्यक्ती व लघुउद्योगांस ४,५००). चिनी आकडा २०१३ मधील सुमारे १९ लाखांवरून २०१८ मध्ये सुमारे ७४ लाखांवर गेला, त्यात उद्योजकतेचा वाटा किती व स्वस्ताईचा किती, हे कोष्टक सांगत नाही.

‘निवासी’ हा शब्द तर सर्वांत फसवा आहे. तो पहिल्या अर्जदाराच्या पत्त्याविषयी बोलतो. भांडवलाविषयी किंवा शब्दाच्या कुळाविषयी नव्हे. परदेशी कंपनीची स्थानिक शाखा-कंपनीही निवासीच. अमेरिकन बास्केटबॉलपटू मायकेल जॉर्डन याच्या आडनावाचे चिनी रूप फूच्येन प्रांतातील एका क्रीडासाहित्य कंपनीने नोंदविले होते. डिसेंबर २०१६ मध्ये चीनच्या सर्वोच्च न्यायालयाने चिनी अक्षरांतील रूपाबाबत जॉर्डनच्या बाजूने निर्णय दिला, परंतु त्याच उच्चाराच्या रोमन रूपाबाबत दिला नाही. ध्वनी एकच, लिपीगणिक हक्क निराळा! भाषाभ्यासकास हा निकाल विचार करावयास लावणारा आहे. कोष्टकात मात्र असे अर्ज निमूटपणे ‘निवासी’ रकान्यात बसतात.

भारतीय व्यवस्थाही या बाबतीत निर्दोष नाही. २०१७ च्या नियमांतील २८ वा नियम ‘हिंदी किंवा इंग्रजीखेरीज अन्य लिपींतील’ शब्दांचे लिप्यंतर, भाषांतर व भाषेचे नाव मागतो. हिंदी व इंग्रजी या भाषा आहेत, लिपी नव्हेत, हे प्रथम वर्षाचा विद्यार्थीही सांगेल. नियम शब्दशः वाचला तर तमिळ लिपीतील शब्दास आपली भाषा सांगावी लागते. देवनागरीत लिहिलेल्या मराठी शब्दाने ती सांगावी की नाही, हे संदिग्धच राहते. व्यापारचिन्ह नोंदणीचे मुख्य कार्यालय मुंबईत आहे. तरीही निवासी चिन्हांपैकी मराठी किती, हे या नियमाच्या आधारे खात्रीने मोजता येणार नाही.