मरण पाठ आहे, जांभूळ कुणाला आठवतं?

२६ नोव्हेंबरचा कार्यक्रम आटोपला की आमच्या मानोऱ्यात मागं एक बैठक उरते. भाषणं संपलेली, सतरंज्या अर्ध्या गुंडाळलेल्या, चहाची किटली फिरते आहे. अन् मग कुणीतरी विठ्ठल उमपांचं नाव काढतो. तारीखच तशी आहे. १९४९ साली याच तारखेला संविधान स्वीकारलं गेलं आणि २०१० साली याच तारखेला नागपूरच्या दीक्षाभूमीवर, 'लॉर्ड बुद्धा' वाहिनीच्या उद्घाटनाच्या कार्यक्रमात, लोकशाहीर उमप 'जय भीम' म्हणाले आणि मंचावरच कोसळले.

"मी होतो ना तिथं," एकजण सुरू करतो. "म्या सोताच्या डोयानं पायलं," दुसरा. तिसऱ्याचा भाऊ पहिल्या रांगेत होता. दरसाली ही रांग वाढत चालली आहे. दारव्हा, यवतमाळ, वर्धा करत मानोऱ्याची एवढी माणसं त्या दिवशी नागपूरला गेली असती तर एस.टी.ला जादा गाड्या सोडाव्या लागल्या असत्या. मी नव्हतो. आणि नसल्याचं मला फारसं दुःखही नाही. दुःख आहे ते दुसऱ्याच गोष्टीचं: या माणसाचं 'जांभूळ आख्यान' मी समोर बसून कधी पाहिलं नाही.

यंदा मी बैठकीत सरळ विचारलं, की बाबाहो, आख्यान कुणी पाहिलं? किटली थांबली. माणसं एकमेकांकडं पाहू लागली. पोरांपैकी दोघांनी मोबाईलवर तुकडे पाहिले होते. एकाला वाटत होतं ते भीमगीतच आहे. शेवटी कोपऱ्यातून एका म्हाताऱ्यानं हात वर केला. तरुणपणी तो कामासाठी मुंबईत होता, तेव्हा मैदानात पाहिलेलं. त्याचं काय आठवतं ते पुढं सांगतो, आधी आपल्या या आठवणींबद्दल.

दोस्तहो, आपल्याला मरण पाठ आहे. त्याचं काम आपल्याला ठाऊक नाही. नायगावात १९३१ साली जन्मलेला एक माणूस गातो. भीमगीत गातो, भारूड गातो, कोळीगीत गातो, कव्वालीला बसतो, नाटक-सिनेमात उभा राहतो, गोंधळ्यांच्या तोंडचं एक आख्यान उचलून रंगमंचावर आणतो आणि त्याचे ५०० हून जास्त प्रयोग करतो. एवढ्या मोठ्या कामातलं आपण शेवटचं एक मिनिट ठेवलं. त्या मिनिटात तो आपल्या मनासारखा मेला म्हणून ते ठेवलं. ही श्रद्धा झाली. कलावंताची आठवण याला म्हणायला मी तयार नाही.

आता एक कडू बोलतो. आठवण कशी ठेवावी हे त्या बाजूच्या लोकांकडून शिकण्यासारखं आहे. वसंतराव देशपांडे हे नाव आपल्याला परकं वाटतं, पण माणूस आपल्याच भागातला. कारंज्यावरून पुढं गेलं की मूर्तिजापूर, तिथं १९२० साली त्यांचा जन्म. १९६७ साली पुरुषोत्तम दारव्हेकरांचं 'कट्यार काळजात घुसली' आलं, संगीत अभिषेकीबुवांचं, आणि वसंतराव खाँसाहेब झाले. १९८३ साली ते गेले. त्यांचे चाहते मात्र गप्प बसले नाहीत. कुठल्या थिएटरात, कुठल्या साली, कुठल्या जागी त्यांनी तान कशी फिरवली यावर ती माणसं तावातावानं भांडत राहिली. त्यात बडबड पुष्कळ, 'आमच्या वेळी' पुष्कळ, आणि आपल्या आळीबाहेर कुणाला कान असतात याचा पत्ता नाही. तरी त्या भांडणानं काम जिवंत ठेवलं. २०१० साली नातवानं, राहुल देशपांड्यांनी, तेच नाटक पुन्हा उभं केलं तेव्हा जुने प्रेक्षक आजोबाची फूटपट्टी घेऊन समोर बसले होते. पुढं २०१५ साली सिनेमा आला, तो लाखोंनी पाहिला.

गंमत अशी की ते नाटक आहे विद्येच्या राखणीवर. घराण्याची विद्या घराबाहेर जाऊ द्यायची नाही, शिकायला आलेल्या पोराला दारात उभं करायचं नाही, आणि पोरगं चोरून ऐकून शिकतं. हे वाचताना आपल्याला कुणाची आठवण व्हायला पाहिजे ते मी सांगायला नको. पण अर्धशतक 'कट्यार'च्या आठवणी काढणाऱ्यांना ती झाल्याचं माझ्या वाचनात नाही. त्यांना तान आठवली, दार आठवलं नाही. आपल्याला दार आठवतं, अन् तान विसरते. असो.

तर 'जांभूळ आख्यान'. कथा सांगणाऱ्यागणिक थोडी हलते, पण गाभा असा. कर्णाला पाहून द्रौपदीचं मन त्याच्यावर जातं. कृष्ण ते ओळखतो. सगळ्यांना घेऊन तो वनात जातो. तिथं एका ऋषीच्या झाडाचं जांभूळ तोडलं जातं. आता ऋषी उठेल, शाप देईल. सुटका एकच: प्रत्येकानं आपल्या मनातलं खरं बोलायचं, खरं बोललं की जांभूळ वर चढेल. पाच पांडव बोलतात, जांभूळ चढतं. द्रौपदी बोलते तसं ते खाली येतं. ती लपवते आहे. शेवटी तिला बोलावंच लागतं: पाच आहेत, पण मन सहाव्यावर आहे, कर्णावर. जांभूळ जाऊन देठाला चिकटतं.

व्यासाच्या महाभारतात हे नाही. ते रचलं लोकांनी. आणि लोकांनी ते कुणाबद्दल रचलं ते बघा. लोकांना ठाऊक असलेल्या स्वयंवरात हीच द्रौपदी भर सभेत म्हणते की सूतपुत्राला वरणार नाही. धनुष्य उचलायला आलेला माणूस जातीवरून परत पाठवला जातो. ती सभा मोठ्या ग्रंथानं सांगितली. नंतर रात्री त्या बाईच्या मनात काय झालं ते सांगायचं काम गोंधळ्यानं केलं. संबळ वाजवत दारोदार फिरणाऱ्यानं. त्यानं राणीला वनात नेलं आणि तिच्या तोंडून काढून घेतलं, की ज्याला जातीसाठी नाकारलं तोच मला पाहिजे होता. माझ्या मते मराठीत लोकांनी केलेली ही महाभारताची सर्वात धारदार समीक्षा आहे, आणि ती आपण पाच मिनिटांच्या मोबाईल-तुकड्यावर सोडून दिली आहे.

म्हातारा काय म्हणाला ते आता. त्याला गाणं आठवत नव्हतं, चाल तर नाहीच. म्हणाला, "बुढा होता बाप्पा, वयानं. अंगानं बी बाई नोय. पन खांद्यावरचं उपरनं डोक्शावर घेतलं की बाई. मिशा-बिशा काई दिसेच ना." मग म्हणाला, पहिल्यांदा लोक खूप हसत होते. बाईचं मन पाघळलं म्हणून हसत होते. "अन् मंग जवा ते खरं बोलाची पाळी आली, तवा त्यानं उपरनं असं धरलं दातात. मैदान चुप. माह्या बाजूले एक गिरनीवाला बसला होता, तो रडे."

हे ऐकलं तेव्हा मला उमपांचं काम पहिल्यांदा दिसलं. मनोरंजन म्हणून आलेल्या माणसाला हसत हसत आत घ्यायचं, आणि मग ज्यावर तो हसला तीच गोष्ट त्याच्या घशात अडकवायची. वेश नाही, पडदा नाही. एकच माणूस आख्यान सांगतो, तोच कृष्ण होतो, तोच द्रौपदी. यासाठी काय लागतं ते गळ्यावर काम केलेल्याला विचारा. निवेदनातून गाण्यात आणि गाण्यातून बाईच्या बोलण्यात जाताना श्वास कुठं घेतला ते कळू द्यायचं नाही. तुकडे पाहताना मी हेच शोधत होतो, मला तो श्वास सापडला नाही. आपल्या गावोगावच्या गायन पार्ट्यांतल्या पोरांनी माईक तोंडात घालून ओरडण्याआधी हे तासभर ऐकावं. (यावर काहींना राग येईल. येऊ द्या.)

आता आक्षेप. बैठकीतलाच एक पोरगा उठला, कॉलेजात शिकणारा, बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ. म्हणाला, दुसरी प्रतिज्ञा काय सांगते? राम-कृष्णाला देव मानणार नाही. मग आपल्या शाहिरानं कृष्णाला सगळं जाणणारा करून पाचशे वेळा का नाचवला? आणि हे आपण विहारात बसून का आठवायचं?

प्रश्न खरा आहे, हसण्यावारी न्यायचा नाही. आपल्या माणसांनी ५६ साली फार मोठी किंमत देऊन जुनं सोडलं. पोतराज सोडला, देवाच्या नावानं मागणं सोडलं, तमाशाचा फड सोडला. पठ्ठे बापूरावांनी तमाशाच्या कमाईतले पैसे चळवळीला देऊ केले आणि बाबासाहेबांनी ते नाकारले, कारण त्या कमाईखाली आपल्याच बायांचं नाचणं होतं, ही गोष्ट आपल्याकडं घरोघरी सांगतात. तेव्हा संबळ ऐकून ज्याचं अंग शहारतं त्याला मी मागास म्हणणार नाही. त्याच्या आज्यानं ते अंगावर भोगलं आहे.

पण आपलाच दुसराही इतिहास आहे. सत्यशोधकांनी तमाशातून जलसा काढला. भीमराव कर्डकांनी आणि इतरांनी आंबेडकरी जलसा उभा केला. त्यांनी गण बदलला, गवळण टाकली किंवा उलटी केली, ढोलकी मात्र ठेवली, वग ठेवला, सोंगाड्याची बतावणी ठेवली. म्हणजे वेठ म्हणून जे होतं ते सोडायचं आणि कसब म्हणून जे होतं ते ठेवायचं, हे आपल्या लोकांना कुणी पुस्तकात न लिहिता कळलेलं होतं. गावकीच्या धाकानं अंगावर आसूड ओढून घेणारा पोतराज आणि स्वतः निवडून आख्यान उभं करणारा उमप यांच्यात मला तरी जमीन-अस्मानाचं अंतर दिसतं.

तरी पोराचं अर्धं म्हणणं मी मान्य करतो, आणि त्यात माझंही थोडं घालतो. आख्यानाचा शेवट बघा. जांभूळ देठाला परत चिकटतं. तुटलेलं फळ होतं तिथं जाऊन बसतं! ऋषी उठत नाही, शाप मिळत नाही, पाच पांडव पाचच राहतात, राणी खरं बोलून मोकळी होते. आणि कर्ण? त्याला कुणी सांगितलंसुद्धा नाही. ज्याच्यावरून एवढं रामायण झालं तो महाभारतातला माणूस या कबुलीच्या वेळी वनात नाहीच. त्याला ना राज्य, ना बाई, ना माफी. सवर्णाच्या मनाची सफाई झाली की झाड पूर्ववत. ही या कथेची मर्यादा आहे. मला जे तुकडे मिळाले त्यात उमपांनी ती ओलांडलेली मला दिसली नाही. आजही नाक्यानाक्यावर आपल्याला असे भेटतात, आम्ही जात मानत नाही हो, असं खरंखरं बोलून हलके होतात, आणि जांभूळ देठाला.

त्यावर एक कार्यकर्ती जे बोलली ते मला सुचलंच नव्हतं. ती म्हणाली, "तुमी सारे कर्नावर अटकले. पाच जनाईचं खरं एका ओळीत निपटलं, अन् बाईचंच मन कायले सगळ्याईसमोर उघडं पाडाचं? कृष्नानं सोताचं सांगतलं काय?" बैठक गप्प झाली. चहा निवला होता तो तसाच प्यालो. तिचा प्रश्न मी इथं नोंदवून ठेवतो. त्याचं उत्तर आख्यान पूर्ण पाहिल्याशिवाय देता येणार नाही, कारण मैदान जिथं चूप झालं म्हातारा सांगतो, कदाचित तिथंच उमपांनी तो प्रश्न ओळखला असेल. दातात धरलेलं उपरणं हे कबुलीचं होतं की अपमानाचं? म्हाताऱ्याला मी हे विचारलं. तो म्हणाला, "ते त्याईलेच ठाव. मले रडू आलं येवढं खरं." म्हणजे गिरणीवाला एकटा नव्हता रडत. आधी हे त्यानं सांगितलं नव्हतं.

अशा आठवणी आपल्याला पाहिजेत. आख्यानाची परंपरा उमपांच्या घरात मुलांनी पुढं चालवली, नंदेश उमपांनी ती रंगमंचावर ठेवली. पण पाहणाऱ्यांची आठवण ठेवण्याचं काम कलावंताच्या घरावर टाकता येत नाही. ज्यांनी प्रयोग पाहिला ती माणसं आता सत्तरी-ऐंशीत आहेत. मुंबईत होती, ठाण्यात होती, काही परत आपापल्या गावी आली. मानोऱ्यात एक निघाला. दिग्रसला, मंगरुळपीरला, पुसदला निघतील. त्यांना बसवून विचारा: कुठं पाहिलं, माणसं कुठं हसली, कुठं थांबली, त्यानं हात कसा ठेवला, तुम्ही जागेवरून उठलात का. दीक्षाभूमीवर होतात का, हे शेवटी विचारा.

पुढच्या २६ तारखेला संविधानाच्या भाषणांनंतर विहाराच्या भिंतीवर आख्यानाचं मिळेल तेवढं चित्रण दाखवावं, असा ठराव बैठकीत आला. बावीस प्रतिज्ञांचा पोरगा विरोधात गेला, त्याच्यासोबत चौघं. विहारात नको, शाळेच्या पटांगणात चालेल, असं तिघांचं म्हणणं. कार्यकर्ती म्हणाली, दाखवा, पण आधी बायांना पुढं बसवा. मी बाजूनं मत दिलं. म्हातारा मत न देताच उठला, कारण त्याची चप्पल कुणीतरी घालून गेलं होतं. ठराव पुढच्या बैठकीवर आहे.