खट् की झर्र?

शिरवळच्या अलीकडे सकाळी सव्वाआठच्या सुमारास माझ्या उजव्या लिव्हरच्या आत काहीतरी तुटलं. आवाज फारसा नव्हता. पण पुढच्याच क्षणी पेडल दगडासारखं जड झालं. मागच्या गिअरची केबल तुटली की स्प्रिंग डिरेल्युअरला ओढून सगळ्यात लहान कॉगवर नेऊन ठेवते, म्हणजे सगळ्यात जड गिअरवर. आणि पुढे खंबाटकी घाट.

ही ३०० किलोमीटरची बीआरएम होती. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ठरलेलं अंतर ठरलेल्या वेळेत पूर्ण करायचं, सोबत मदतीची गाडी नाही. ३०० ला २० तास मिळतात. एकाच सीझनमध्ये २००, ३००, ४०० आणि ६०० अशा चारही केल्या की 'सुपर रँडोनिअर' म्हणवून घेता येतं. माझी २०० झाली होती. या चार आकड्यांसाठी मी वर्षभर पहाटे साडेचारचा गजर लावत होतो, शुक्रवारच्या पार्ट्या टाळत होतो, आणि घरच्यांचं 'एवढं कशासाठी?' ऐकत होतो.

जवळ सुटी केबल होती, पण तिचा उपयोग झाला नाही. जुन्या केबलचं डोकं आणि सुटलेल्या तारा लिव्हरच्या आत अडकून बसल्या होत्या. मग यूट्यूबवर कधीतरी पाहिलेली एक गोष्ट आठवली. डिरेल्युअरवर दोन बारीक स्क्रू असतात. त्यातला 'एच' लिहिलेला आत पिळत गेलं की चेन ढकलली जाते आणि लहान कॉगवरून एक-दोन पायऱ्या वर चढून तिथेच थांबते. रस्त्याच्या कडेला सायकल उलटी करून स्क्रू पिळला, चेन तिसऱ्या कॉगवर आली. पुढचा गिअर चालू होताच. २२ गिअरची सायकल अशी २ गिअरची झाली. तीवर अर्धा खंबाटकी चढलो, अर्धा चालत काढला. साताऱ्यात पोचलो तेव्हा डावा गुडघा बोलायला लागला होता. तिथेच सोडून दिलं आणि पुण्याकडे रिकाम्या निघालेल्या एका टेम्पोत सायकल टाकून परत आलो.

पुढच्याच आठवड्यात बोनस जमा झाला. सायकलच्या दुकानात विचारलं, तर इलेक्ट्रॉनिक गिअरच्या पूर्ण सेटचा आकडा लाखाच्या वर गेला. थोडे पैसे कमी पडत होते. म्हणजे बँकेतली एफडी मोडून सायकलवर एफडी बसवायची. (दुसरी एफडी म्हणजे फ्रंट डिरेल्युअर. हा विनोद आमच्या ग्रुपवर मी तीनदा टाकला. तीनदाही कुणी हसलं नाही.)

तेव्हापासून दोन महिने मी या वस्तूबद्दल वाचतोय, बघतोय. दुसऱ्याच्या सायकलवर चालवूनही पाहिली. पुस्तक किंवा सिनेमा जसा आपण तपासतो, ही वस्तू काय म्हणते आणि काय लपवते ते पाहतो, तसंच हिचंही व्हायला हवं असं मला वाटतं. सायकलचे रिव्ह्यू ते करत नाहीत. नवी वस्तू दोन-तीन आठवडे चालवायची, 'क्रिस्प' हा शब्द चारदा वापरायचा आणि साडेचार तारे द्यायचे. पण गिअरचा खरा स्वभाव कळतो तो चौथ्या पावसाळ्यात, आणि चौथ्या पावसाळ्यापर्यंत थांबलेला रिव्ह्यू मला अजून सापडलेला नाही.

वस्तू काय आहे ते आधी सांगतो. साध्या गिअरमध्ये तुमचं बोट लिव्हर ढकलतं, लिव्हर केबल ओढते, केबल डिरेल्युअर हलवते. बोटापासून चेनपर्यंत एकच सलग तार. इलेक्ट्रॉनिकमध्ये लिव्हर म्हणजे नुसतं बटण. डिरेल्युअरमध्ये बसलेली छोटी मोटर त्याला मोजून तेवढंच हलवते. कल्पना काही नवी नाही. माविक या फ्रेंच कंपनीने १९९० च्या दशकात 'झॅप' नावाची इलेक्ट्रॉनिक यंत्रणा आणली होती. पाण्यापावसात तिचा भरवसा नसे, आणि ती मागे पडली. शिमानोने २००९ मध्ये ड्युरा-एस या सगळ्यात महागड्या सेटमध्ये 'डीआय-टू' आणलं तेव्हापासून मात्र ही गोष्ट टिकली. २०२१ मध्ये कंपनीने वरचे दोन्ही सेट, ड्युरा-एस आणि अल्टेग्रा, १२ स्पीडचे केले, ते फक्त इलेक्ट्रॉनिक. केबलचा पर्यायच ठेवला नाही. २०२२ मध्ये डीआय-टू '१०५' मध्ये उतरलं, म्हणजे माझ्यासारख्या पगारदार हौशी माणसाच्या पायरीवर. नंतर २०२३ मध्ये १०५ चा केबलवाला १२ स्पीड सेटही त्यांनी बाजारात आणला. कंपनीला स्वतःलाच थोडं चुकल्यासारखं वाटलं असावं असा माझा अंदाज. अर्थात कंपन्यांना असं काही वाटत नसतं, हेही मला माहीत आहे.

एका मित्राच्या सायकलवर बोपदेव घाटापर्यंत जाऊन आलो. खरं सांगायचं तर मी दोष शोधायला निघालो होतो. मागच्या गिअरबद्दल फार बोलण्यासारखं नाही. नीट ट्यून केलेल्या केबलच्या गिअरपेक्षा तो किंचित नेमका आहे, इतकंच. 'खट्'च्या जागी 'झर्र'. पण पुढचा गिअर! केबलच्या सायकलवर लहान चेनरिंगवरून मोठ्यावर जायचं तर अख्खं मनगट आत वळवून लिव्हर रेटावी लागते, पायातला जोर क्षणभर काढून घ्यावा लागतो, आणि तरी चेन कधीकधी कुरकुरत मधेच अडते. इथे बोटाने टिचकी मारली की चेन वर. चढावर, जोर लावलेला असतानाही. मागे कॉग बदलला की पुढचा पिंजरा आपणहून तसूभर सरकतो, त्यामुळे चेन कुठे घासतही नाही. घाटातून उतरताना पुढचा गिअर मी उगाचच दहा-बारा वेळा वरखाली केला. नवीन बटण मिळालेल्या लहान मुलासारखा.

घरी येऊन लिहायला बसलो आणि पहिला मुद्दा लिहिला: 'यात फील नाही.' केबलमधून रस्ता बोटाला कळतो, यंत्राशी नातं राहतं, वगैरे. वाक्यं छान जमत होती. तेवढ्यात आमच्या ग्रुपमधल्या काकू आठवल्या.

काकू ५८ वर्षांच्या आहेत. दर रविवारी सिंहगड. दोन-तीन वर्षांपूर्वी त्यांना संधिवात सुरू झाला, अंगठे आणि मनगटं सुजायला लागली. पुढचा गिअर ढकलता येईना म्हणून त्या लहान चेनरिंगवरच अडकून बसायच्या, आणि थंडीत मागचा बदलतानाही दात आवळायच्या. सहा महिने त्यांनी सायकल बंद ठेवली. मग मुलाने हट्टाने डीआय-टू बसवून दिलं. आता त्या पुन्हा सिंहगडावर असतात, बऱ्याचदा माझ्या आधी. मी त्यांना एकदा मोठ्या उत्साहाने या 'फील'बद्दल विचारलं होतं. 'काकू, तुम्हाला नाही वाटत का, जुन्या गिअरमध्ये एक मजा होती?' त्या दह्याच्या मडक्यात चमचा फिरवत म्हणाल्या, 'अरे, मला गिअरचा फील नकोय. मला वर यायचंय.'

हा युक्तिवाद सायकलच्या इतिहासात आधीही एकदा हरलेला आहे, हे मला नंतर वाचताना कळलं. टूर द फ्रान्स सुरू करणारा आन्री देग्रांज. त्याला गिअर ही कल्पनाच मान्य नव्हती. गिअर पंचेचाळिशी ओलांडलेल्यांसाठी ठीक आहेत, खरा गडी यंत्राच्या युक्तीने नाही तर स्नायूंच्या जोरावर जिंकतो, असं त्याचं १९०२ पासूनचं मत. तो मुख्य असेपर्यंत टूरच्या शर्यतपटूंना डिरेल्युअर वापरायची बंदी होती. चाकाच्या दोन्ही बाजूंना वेगवेगळे कॉग असत आणि चढ आला की उतरून मागचं चाक उलटं लावायचं. ही बंदी उठली १९३७ मध्ये, देग्रांज बाजूला झाल्यावर. म्हणजे आज ज्या केबलच्या डिरेल्युअरला मी 'खरं, शुद्ध यंत्र' म्हणत होतो, तेच देग्रांजसाठी म्हाताऱ्यांचं लाड पुरवणारं खेळणं होतं. काकू तर पंचेचाळिशीच्या केव्हाच पुढे. 'फील'चा परिच्छेद मी खोडला.

उरला तो दुसरा मुद्दा, आणि तो मात्र खोडता येत नाही.

केबलचा गिअर हळूहळू बिघडतो. आधी एखाद्या कॉगवर टिकटिक ऐकू येते, मग शिफ्ट व्हायला अर्धा क्षण उशीर होतो, मग लिव्हर जड लागते. पावसात कॅसिंगमध्ये चिखल शिरतो तेव्हा तर तो तक्रारच करतो. माझी केबलही दोन आठवडे सांगत होती. मेकॅनिकदादा म्हणालेही होते, 'बदलून घ्या, आतून पिसायला लागली असेल.' मी म्हटलं, बीआरएमनंतर बघू. लिव्हरमध्ये केबल फार लहान वळण घेते आणि तिथेच तिच्या तारा एकेक करून तुटत जातात, हे मला माहीत होतं. काहीशे रुपयांचं काम मी ढकललं. शिरवळला जे झालं तो यंत्राचा दोष नव्हता.

मग इलेक्ट्रॉनिकने मला वाचवलं असतं का? त्या दिवशी, हो. तिथे तुटायला केबलच नाही. बॅटरी एका चार्जवर साधारण हजार किलोमीटर चालते असं कंपनी सांगते. संपत आली तर आधी पुढचा गिअर थांबतो, नंतर मागचा, आणि चेन ज्या कॉगवर असेल तिथेच राहते. म्हणजे सगळ्यात जड गिअरवर फेकली जात नाही. हे डिझाइन खरोखर विचारपूर्वक केलेलं आहे, तारीफ करावी असं. फक्त मी तो माणूस आहे ज्याचे इअरफोन दर दोन दिवसांनी मेलेले असतात. ज्याने केबल बदलायची टाळली तो चार्जिंग वेळेवर लावेल, हे मी कुणाला पटवू?

आणि मोटर किंवा तिच्या आतलं सर्किट गेलं, तर शिरवळला पिळायला कामाचा स्क्रू नाही. आतला बिघाड हाताने चाचपता येत नाही. तो भाग काढायचा आणि नवा लावायचा.

इथे माझा धंदा आड येतो. मी सॉफ्टवेअर लिहितो. गेल्या वर्षी आमच्या टीमने एका उपकरणाच्या जुन्या आवृत्तीचा सपोर्ट बंद केला. उपकरणं धडधाकट होती, फक्त त्यांच्याशी बोलणारं ॲप आम्ही अपडेट करणं थांबवलं. ग्राहकांना गेलेल्या मेलचा मसुदा मी लिहिला होता. 'आपला अनुभव अधिक चांगला करण्यासाठी' अशी त्याची सुरुवात होती. त्यावर आलेली काही उत्तरं मी अजून डिलीट केलेली नाहीत. एका माणसाने फक्त आपल्या उपकरणाचा फोटो पाठवला होता. चालू स्थितीतला. खाली एक शब्दही नाही.

न्याय करायचा तर डीआय-टूला रोज चालायला फोन लागत नाही. लिव्हर आणि डिरेल्युअर आपसात बोलतात, ॲप लागतं ते सेटिंग आणि फर्मवेअरपुरतं. पण तेवढं लागतंच. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थईस्टर्न आणि सॅन दिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवून दिलं, की लिव्हरचा वायरलेस सिग्नल जवळून रेकॉर्ड करून पुन्हा सोडला तर दुसऱ्याच्या सायकलचा गिअर बदलता येतो. आमच्या भाषेत रिप्ले अटॅक. कंपनीने त्यांच्याबरोबर काम करून पॅच काढला. माझा गिअर कुणी हॅक करेल अशी भीती मला अजिबात नाही. चांदणी चौकात मला हॅक करून कुणाला काय मिळणार? मला त्यात वेगळंच दिसलं. गिअरला पॅच लागतो. म्हणजे पॅच देणारं कुणीतरी पलीकडे असावं लागतं, आणि किती वर्षं असेल हे मी नाही, मी लिहिला तसा एखादा मेल ठरवणार.

तर माझा निकाल असा. वस्तू म्हणून डीआय-टू चांगलं आहे. पुढचा गिअर तर अप्रतिमच. ज्यांचे हात दुखतात, त्यांना मी आज, उसने पैसे काढूनही घ्या म्हणेन. पण माझे हात धड आहेत आणि मला हवा होता तो गिअर नव्हताच. मला हवी होती शिरवळची सकाळ पुसून टाकणारी एखादी खरेदी. एफडी तशीच ठेवली. लिव्हरमधल्या तुटक्या तारा चिमट्याने काढायला मेकॅनिकदादांना अर्धा तास लागला. नव्या केबल, नवं कॅसिंग, मजुरी धरून पंधराशेच्या आत. या वेळी मी शेजारी बसून बघितलं आणि दुसरी केबल स्वतः ओवली. तीनदा चुकलो.

काल सिंहगडावर काकूंनी फोन पुढे केला. 'हे बघ रे, अपडेट कर म्हणतंय. करू का? बिघडणार नाही ना?' मी त्यांची सायकल कठड्याला टेकवली, मागच्या डिरेल्युअरवरचं बटण दाबलं, ब्लूटूथ जोडलं. गडावर नेटवर्क अर्ध्या कांडीचं. टक्के पुढे सरकेनात. आम्ही पिठलं-भाकरी मागवली आणि वाट बघत बसलो.