फ्लिन फ्लॉनचा हॉकी संघ : स्थानिक इतिहासलेखनातील एक प्रश्न

एखाद्या संस्थेचा इतिहास लिहिताना आपण सामान्यतः तिच्या माणसांच्या आधाराने लिहितो. परंतु ज्या संस्थेतील माणसे दर दोन-चार वर्षांनी बदलतात, आणि बदलावीत असाच जिचा नियम असतो, तिचा इतिहास कोणाच्या आधाराने लिहावा? कॅनडातील लहान गावांचे कनिष्ठ गटाचे हॉकी संघ हे अशा संस्थेचे ठळक उदाहरण होय. ही हॉकी बर्फावरची. पायांत पाते बसवलेले बूट घालून, रबराची चकती काठीने ढकलीत ती खेळतात. कनिष्ठ संघात साधारणपणे सोळा ते वीस वर्षांची मुले असतात. वयाची मर्यादा ओलांडली की सर्वोत्तम खेळाडूलाही संघ सोडावा लागतो. प्रस्तुत टिपणात फ्लिन फ्लॉन या गावच्या ‘बॉम्बर्स’ संघाच्या निमित्ताने या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

फ्लिन फ्लॉन हे मॅनिटोबा आणि सस्कॅचेवान या प्रांतांच्या सीमेवरील, सुमारे पाच हजार वस्तीचे खाणगाव. त्याचे नाव एका कादंबरीतून आले आहे. जे. ई. प्रेस्टन मडक यांच्या ‘द सनलेस सिटी’ (1905) या कादंबरीचा नायक जोसाया फ्लिन्टाबॅटी फ्लोनॅटिन हा पाणबुडीतून एका अथांग सरोवराच्या तळाशी जातो व सुवर्णमय प्रदेशात पोहोचतो. खनिजाच्या शोधात अरण्यात हिंडणाऱ्या टॉम क्रायटन व त्याच्या सोबत्यांना ही कादंबरी ठाऊक होती. सापडलेल्या खनिजस्थळाला त्यांनी त्या नायकाचे नाव दिले. पुढे 1927 साली हडसन बे मायनिंग अँड स्मेल्टिंग ही कंपनी स्थापन झाली, आणि संघाच्या स्थापनेचे वर्षही 1927 हेच मानले जाते. खाण आणि संघ यांचा हा समकालीन जन्म इतिहासकाराने दृष्टिआड करता कामा नये.

अशा संघांचा इतिहास लिहिण्याची पहिली रूढ पद्धत विजयांच्या नोंदीची. तिच्यात 1957 हे वर्ष अर्थातच केंद्रस्थानी येते. त्या वर्षी बॉम्बर्सनी ओटावाच्या संघाला सात सामन्यांच्या मालिकेत नमवून मेमोरियल चषक, म्हणजे कॅनडातील कनिष्ठ हॉकीचा सर्वोच्च मान, मिळवला. टेड हॅम्पसन हा त्यांचा कर्णधार होता. विजय निःसंशय थोर होता. परंतु चषकांची यादी हा इतिहासाचा सांगाडा होय. दोन चषकांच्या मधली वर्षे तिच्यात मुकी राहतात, आणि कोणत्याही संघाच्या आयुष्यात अशीच वर्षे अधिक असतात.

दुसरी पद्धत नामवंतांची. बॉबी क्लार्क याच गावचा, खाणकामगाराचा मुलगा. 1967 ते 1969 या काळात तो बॉम्बर्सकडून खेळला. मधुमेह असल्यामुळे व्यावसायिक संघ त्याच्याविषयी साशंक होते. प्रशिक्षक पॅट गिनेल यांनी त्याला मेयो क्लिनिकमध्ये नेऊन तो खेळू शकतो असा वैद्यकीय निर्वाळा मिळवला. तरीही 1969 च्या निवडीत त्याचे नाव सतराव्या क्रमांकावर आले. पुढे फिलाडेल्फिया संघाचा कर्णधार या नात्याने त्याने 1974 व 1975 साली स्टॅनली चषक जिंकला. त्याचा सहकारी रेजी लीच हाही बॉम्बर्सचाच. तो ओजिब्वे जमातीचा. ही चरित्रे मनोवेधक आहेत. पण नीट पाहिले असता ती गाव सोडून गेलेल्यांची चरित्रे आहेत. कोणत्याही संघातील बहुसंख्य मुले व्यावसायिक खेळापर्यंत पोहोचत नाहीत. नामवंतांवर आधारलेल्या इतिहासात त्यांना स्थान नसते, आणि ज्या गावाने त्यांना सांभाळले तेही केवळ प्रारंभबिंदू म्हणून उरते.

या दोन्ही पद्धतींची खरी कसोटी 1978 साली लागते. त्या वर्षी पश्चिमेकडील प्रमुख कनिष्ठ लीगमधील संघाचा हक्क फ्लिन फ्लॉनहून एडमंटनला गेला. कायद्याच्या दृष्टीने पाहता संघ तेथेच गेला. गावात मात्र ‘बॉम्बर्स’ हे नाव राहिले, क्रीडागार राहिले, प्रेक्षक राहिले. खालच्या श्रेणीत खेळ चालू राहिला आणि 1984 साली संघ सस्कॅचेवानच्या कनिष्ठ लीगमध्ये दाखल झाला. आता 1957 च्या विजयाचा वारस कोण? एडमंटनला गेलेल्या हक्काला त्या स्मृतीशी काही कर्तव्य नव्हते. ती ज्यांनी जपली त्यांच्याच ठिकाणी संघाचे सातत्य मानावे लागते. म्हणजेच संघाच्या इतिहासाचा कर्ता गाव आहे. खेळाडू हे त्या इतिहासातील क्रमाने येणारे पाहुणे होत.

येथे एक आक्षेप संभवतो. हे गाव तरी स्वतंत्र कोठे होते? खेळाडूंना कंपनीत काम मिळे. क्लार्क व लीच यांनीही ते केले. क्रीडागाराला ‘व्हिटनी फोरम’ हे नाव मिळाले तेही कंपनीशी निगडित घराण्याचे. तेव्हा कंपनी हीच संघाची खरी जननी, असे का म्हणू नये? आक्षेपात तथ्य आहे; परंतु आश्रयदात्याचा इतिहास आश्रयदात्याच्याच शब्दांत लिहिण्याचा धोकाही त्यात आहे. याच गावात 1934 साली कामगारांचा मोठा संप झाला व पोलिसांच्या बळावर तो मोडला गेला. शनिवारी रात्री क्रीडागारात एकत्र बसणारे लोक सोमवारी सकाळी कोणत्या नात्याने एकमेकांसमोर उभे राहत, हा प्रश्न संघाच्या इतिहासाबाहेरचा नव्हे. जो इतिहास कंपनीची देणगी नोंदवतो आणि तिच्या भट्टीचा धूर व तिचा संप गाळतो, तो इतिहास अर्धाच म्हटला पाहिजे.

काळानेच या वादाचा काही अंशी निकाल लावला आहे. तांबे शुद्ध करणारी भट्टी 2010 साली बंद पडली. 777 ही गावची शेवटची खाण 2022 साली बंद झाली. संघ मात्र त्यानंतरही खेळत राहिला. कंपनी हीच त्याची जननी असती, तर तिच्या खाणीबरोबर तोही संपावयास हवा होता. तथापि यावरून संघ अमर आहे असा भाबडा निष्कर्ष काढू नये. खाण नसलेल्या गावात मुले किती उरतील आणि त्यांना घरी ठेवून घेणारी कुटुंबे किती उरतील, यावर त्याचे भवितव्य अवलंबून आहे.

यातून पद्धतीविषयी एक निष्कर्ष निघतो. अशा संघाच्या इतिहासकाराने चषकांची यादी व नामवंतांची चरित्रे जरूर वापरावीत, पण त्यांच्या शेजारी हजेरीपट, जमाखर्च, खेळाडूंना आसरा देणाऱ्या घरांच्या आठवणी आणि संपाची कागदपत्रे ठेवावीत. गावाचे नाव कादंबरीच्या नायकावरून पडले हे खरे. त्याचा इतिहासही नायकांच्याच आधाराने लिहावा असे बंधन मात्र कोणावरही नाही.