नियम आहे, कारण कुठाय? एआरएम-६४ बूटिंगचं डॉक्युमेंट वाचताना

गेल्या महिन्यात काळेवाडीतल्या माझ्या खोलीत सलग दोन रात्री मी एकाच काळ्या टर्मिनलकडे बघत बसले होते. प्रयोगासाठी स्वतःचा छोटा बूटलोडर लिहिला होता, क्यूएमयूवर चालणारा. तो ‘आता कर्नलकडे जातोय’ एवढी ओळ छापायचा आणि पुढे शांतता. एरर नाही, पॅनिक नाही. चूक माझीच होती. पण ती शोधताना जे डॉक्युमेंट मी पाच-सहा वेळा वाचलं, त्याच्याबद्दल आज बोलू.

हे डॉक्युमेंट लिनक्सच्या सोर्समध्येच मिळतं. विल डेकन यांचं, तारीख ७ सप्टेंबर २०१२. नंतर त्यात भर पडत गेली. ६४-बिट एआरएमवर बूटलोडरने कर्नलच्या हाती मशीन कुठल्या अवस्थेत द्यायचं, हा त्याचा विषय.

आधी एक गोष्ट पक्की करा. हे साधं फंक्शन कॉल नाही. बूटलोडर कर्नलच्या पत्त्यावर उडी मारतो आणि परत येत नाही. आपल्या भागात शिफ्ट बदलताना जाणारा माणूस रजिस्टरमध्ये नोंद करून जातो. काही अडलं तर त्याला फोन तरी लावता येतो. इथे तीही सोय नाही. म्हणून सगळा भार त्या नोंदीवर.

नोंद म्हणून हे डॉक्युमेंट उत्तम आहे. बूटलोडरची कामं चार: रॅम तयार करणं, डिव्हाइस ट्री ठेवणं, इमेज कॉम्प्रेस केलेली असेल तर उलगडणं, आणि कर्नलला बोलावणं. प्रत्येकासमोर सक्तीचं की ऐच्छिक, ते लिहिलंय. एक्स-० रजिस्टरमध्ये डिव्हाइस ट्रीचा फिजिकल पत्ता. एक्स-१ ते एक्स-३ शून्य, कारण ती पुढच्या वापरासाठी राखीव. एमएमयू बंद, इंटरप्ट मास्क केलेले. डिव्हाइस ट्री ८ बाइटच्या सीमेवर आणि २ एमबीपेक्षा मोठी नको. कुठेही पाल्हाळ नाही.

माझी तक्रार वेगळी आहे. नियम सांगितलेत, पण बऱ्याच ठिकाणी त्यामागचं कारण सांगितलेलं नाही, आणि नियम मोडला तर काय दिसेल हेही नाही.

माझंच उदाहरण घ्या. इमेजच्या सुरुवातीला ६४ बाइटचा हेडर असतो, त्यात इमेजचा ‘आकार’ दिलेला असतो. तेवढी जागा कर्नलसाठी मोकळी ठेवा, असं डॉक्युमेंट सांगतं. मी मात्र फाइलचा आकार मोजला आणि फाइल संपते तिथून लगेच पुढे डिव्हाइस ट्री ठेवली. हे दोन आकार सारखे नसतात. कर्नलचा बीएसएस भाग, म्हणजे शून्याने सुरू होणारे व्हेरिएबल्स, फाइलमध्ये नसतो. पण मेमरीत त्याला जागा लागते. कर्नलने सुरुवातीलाच तो भाग शून्याने भरला आणि माझी डिव्हाइस ट्री पुसली गेली! हे कारण एका वाक्यात तिथे असतं, तर तो नियम मी वरवर वाचून पुढे गेले नसते.

गंमत पुढेच आहे. कर्नलला चूक कळली होती. डिव्हाइस ट्री अवैध आहे, बूटलोडर तपासा, असा मेसेज त्याने लिहिलाही आणि मग तो अनंत लूपमध्ये थांबला. पण तोवर कन्सोल सुरूच झालेला नव्हता. मेसेज लॉग बफरमध्ये पडून राहिला. जीडीबी जोडून ती मेमरी वाचली, तेव्हा मला तो दिसला.

करार नेहमी इतका मोठा नव्हता. पुण्यात सी-डॅकने १९९१ मध्ये परम ८००० बनवला, त्यात इनमॉसचे ट्रान्सप्युटर होते. त्या चिपला लिंकवरून बूट करायचं तर पहिला बाइटच सगळं ठरवायचा: ० म्हणजे मेमरीत लिही, १ म्हणजे वाचून दाखव, त्याहून मोठा आकडा म्हणजे पुढे येणाऱ्या कोडची लांबी. तेवढे बाइट आले की तो कोड चालवायचा. एवढ्याशा कराराला कारणं लिहिली नाहीत तरी चालतं. एमएमयू, कॅशे, एक्सेप्शन लेव्हल सगळं आलं की नुसते नियम पुरत नाहीत.

‘स्पेसिफिकेशनने शिकवायचं नसतं’ असं कोणी म्हणेल. बरोबर आहे, शिकवू नये. पण ज्या नियमाचं उल्लंघन गप्प राहतं, तिथे एक ओळ जास्त लिहिणं म्हणजे शिकवणं नव्हे.

तुम्ही रिसर्चला येणार असाल तर असं डॉक्युमेंट वाचताना वहीत दोन रकाने करा. प्रत्येक ‘पाहिजे’समोर ‘का’ आणि ‘नसेल तर काय दिसेल’ हे स्वतः लिहा. जो रकाना रिकामा राहील, तिथे नियम मुद्दाम मोडून बघा. मी आता तेच करतेय. कॅशेचा रकाना अजून रिकामा आहे.