एकपाठ आणि संमिश्र पाठ : छायाचित्र-संपादनातील एका निवडीचा विचार

‘फोटोग्राफ’ हा शब्द ग्रीक मूळाचा असून त्याचा व्युत्पत्त्यर्थ ‘प्रकाशाने केलेले लेखन’ असा आहे. मराठीने त्यासाठी ‘छायाचित्र’ हा शब्द रूढ केला. संस्कृतात ‘छाया’ म्हणजे सावली, प्रतिबिंब आणि कांतीही. तेव्हा या समासातील ‘छाया’ प्रतिबिंबवाचक मानणे योग्य होय. तथापि सावलीचा अर्थही येथे अगदीच गैरलागू नाही. छायाचित्रकाराची सर्वांत जुनी अडचण सावलीचीच आहे : उजेडातील तपशील राखावा तर अंधारातील जातो, आणि अंधारातील राखावा तर उजेडातील जातो. या अडचणीवर आज दोन उपाय योजले जातात. एक, एकाच एक्स्पोजरची रॉ प्रत घेऊन तिच्यातून निघेल तेवढे काढणे; दुसरा, कमीअधिक एक्स्पोजरच्या अनेक प्रती एकत्र करून एचडीआर चित्र सिद्ध करणे. यांपैकी कोणता श्रेयस्कर, हा प्रश्न सामान्यतः तंत्राचा मानला जातो. वस्तुतः तो पाठनिश्चितीचा प्रश्न आहे, आणि म्हणून भाषा व साहित्य यांच्या अभ्यासकांना तो परका वाटू नये.

हा प्रश्न संगणकाबरोबर जन्मलेला नाही. फ्रेंच छायाचित्रकार ग्युस्ताव्ह ल ग्रे (१८२०–१८८४) याच्या सागरचित्रांत तो स्पष्टपणे उभा आहे. त्या काळची कलोडियनची काच निळ्या प्रकाशाला विशेष संवेदनशील असे. समुद्र व किनारा नीट उमटेपर्यंत आकाश पार पांढरे होऊन जाई. सेत येथील ‘महालाट’ (१८५७) या चित्रात ल ग्रेने आकाशाची एक काच आणि समुद्राची दुसरी काच घेऊन क्षितिजरेषेवर त्यांचा सांधा जुळवला. एकच आकाश त्याने एकाहून अधिक चित्रांत वापरल्याचेही दिसून येते. याउलट ‘पाण्यावरील ब्रिग’ (१८५६) हे चित्र एकाच काचेवरून छापलेले मानले जाते. तेथे प्रकाश समोरून येत असून पाणी चकाकत आहे. त्यामुळे आकाश आणि पाणी यांच्या तेजातील अंतर मुळातच कमी झाले आहे. जहाज मात्र काळ्या आकृतीसारखे उरले, आणि भर दिवसाचे ते दृश्य अनेकांना चांदण्यातले वाटले. पहिल्या चित्रातील कौशल्य जुळणीचे आहे, दुसऱ्यातील वेळेच्या निवडीचे. पहिले चित्र विश्वसनीय वाटते, पण ते आकाश आणि ती लाट एका क्षणी एकत्र होती असे त्यावरून म्हणता येत नाही. दुसऱ्यात क्षण एकच आहे. त्याची किंमत जहाजाच्या तपशिलाने चुकवली आहे.

एकाच एक्स्पोजरचा पक्ष घेणारे बहुधा त्यास ‘मूळ’ किंवा ‘शुद्ध’ प्रत म्हणतात. हा समज अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्सच्या ‘मूनराइज, हर्नांडेझ, न्यू मेक्सिको’ (१९४१) या चित्रावरून तपासता येतो. दफनभूमीतील क्रुसांवरचा मावळतीचा उजेड सरत आलेला होता आणि प्रकाशमापक सापडत नव्हता. चंद्राच्या तेजाचे मान ठाऊक असल्याने अ‍ॅडम्सने त्यावरून एक्स्पोजर ठरवले. दुसरे एक्स्पोजर घेण्यापूर्वीच क्रुसांवरचा उजेड गेला. हाती आलेल्या एकमेव निगेटिव्हमध्ये पुढील भाग क्षीण होता. १९४८ मध्ये त्याने तो रासायनिक प्रक्रियेने गडद केला. पुढे दशकानुदशके काढलेल्या प्रती परस्परांशी ताडून पाहिल्या तर आरंभीच्या प्रतींतील आकाश फिकट व ढगांच्या खुणांचे आणि नंतरच्या प्रतींतील जवळजवळ काळे आढळते. निगेटिव्ह एक, पण चित्रे अनेक. म्हणजे एकपाठ हा अस्पर्श पाठ नव्हे. रॉ प्रतीलाही हेच लागू पडते. ती संपादनाचे उपादान आहे, संपादनाला पर्याय नाही.

दोन्ही पद्धतींची मर्यादा मात्र निरनिराळी आहे. आजचा चांगला संवेदक किमान आयएसओवर सुमारे १४ स्टॉपचा पल्ला टिपतो. प्रत्येक स्टॉप म्हणजे प्रकाशाची दुप्पट. तेव्हा १४ स्टॉप म्हणजे साधारण १ : १६,००० असे प्रमाण. त्यापलीकडे जो उजेड जातो तो रॉ प्रतीतून परत मिळत नाही. अंधारातील भाग उजळता येतो, पण त्याबरोबर कणीदार गोंधळही वर येतो. एकत्रीकरणात अंधाराचा भाग अधिक एक्स्पोजरच्या प्रतीतून आणि उजेडाचा भाग कमी एक्स्पोजरच्या प्रतीतून घेतला जातो. मान व पिकार्ड यांनी १९९५ मध्ये आणि डेबेव्हेक व मलिक यांनी १९९७ मध्ये अशा अनेक प्रतींवरून दृश्यातील तेजाचे प्रमाण कसे काढावे हे मांडले. या क्रियेत स्वतः काही भडकपणा नाही. साध्या पडद्यावर किंवा कागदावर तो विस्तृत पल्ला मावत नाही, म्हणून तो दाबावा लागतो. त्या क्रियेस टोन मॅपिंग म्हणतात. कडांभोवतीची वलये आणि ढगांचा अवाजवी भरीवपणा हे दोष प्रामुख्याने या दुसऱ्या क्रियेचे आहेत. व्यवहारात ‘एचडीआर’ हा शब्द परिणामाला लागला आणि दोष एकत्रीकरणाच्या माथी बसला. शब्दाचा अर्थ साधनावरून फळावर सरकल्याचे हे उदाहरण आहे; ते ध्यानात न घेतल्यामुळे या विषयावरील बराचसा वाद निष्फळ ठरतो.

एकत्रीकरणाचा खरा दोष काळाचा आहे. दोन एक्स्पोजरांमध्ये पान हलते, लाट सरकते, माणूस पाऊल टाकतो. अशा ठिकाणी संगणक कोणत्या तरी एका प्रतीचा कौल मानतो आणि इतरांचा टाकतो. ग्रंथसंपादक नेमके हेच करीत असतो. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ मध्ये आरंभून १९६६ मध्ये पूर्ण केलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती अनेक हस्तलिखितांच्या तौलनिक विचारातून सिद्ध झाली. तिच्यातील पाठ जसाच्या तसा कोणत्याही एका पोथीत सापडावयाचा नाही. उलट राजवाड्यांनी १९०९ मध्ये प्रसिद्ध केलेली ज्ञानेश्वरी एका पोथीच्या प्रामाण्यावर उभी होती. दोन्ही मार्ग शास्त्रीय होऊ शकतात. परंतु चिकित्सक आवृत्तीत टाकलेले पाठभेद तळाशी नोंदवलेले असतात. वाचकाला संपादकाचा निर्णय तपासता येतो. संमिश्र छायाचित्राला अशी तळटीप नसते. पाठभेद गाळले तर चिकित्सक आवृत्तीचे प्रामाण्य जसे ढळेल, तसे येथे सहसा घडते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही.

याचे गांभीर्य शिलालेखांच्या छायाचित्रांत विशेष जाणवते. जुन्नरजवळील नाणेघाटाच्या गुहेत भिंतींवर सातवाहनकालीन ब्राह्मी लेख आहे. अनेक अक्षरे झिजलेली, तोंड उघडे, आत अंधार आणि बाहेर झगझगीत आकाश. एचडीआरचा मोह पडावा असेच हे स्थळ आहे. परंतु कोरीव अक्षर वाचले जाते ते तिरप्या प्रकाशात खोबणीत पडणाऱ्या सावलीवरून. टोन मॅपिंगने ती सावली उजळली तर अक्षर पुसट होते. कडा तीव्र केल्या तर दगडाची चीर आणि टाकीचा घाव सारखेच ठळक होतात. अंकाची एखादी रेघ खरी की भेग, याचा निर्णय अशा चित्रावरून करणे धोक्याचे ठरेल. येथे बाहेरचे आकाश पांढरे होऊ देऊन भिंतीपुरते योग्य असे एकच एक्स्पोजर घेणे हाच विवेक होय. त्याच गुहेची रचना, तिचे दार आणि त्यापलीकडची दरी एका दृष्टिक्षेपात दाखवावयाची असेल तर मात्र एकत्रीकरण समर्थनीय आहे. दगड हलत नाही.

निवड अशा रीतीने प्रयोजनावर अवलंबून राहते. जेथे क्षण किंवा सावली हाच पुरावा आहे तेथे एकपाठ घ्यावा. जेथे दृश्य स्थिर असून त्याचा पल्ला संवेदकाच्या बाहेरचा आहे तेथे संमिश्र पाठ घ्यावा. प्रबंधात संमिश्र चित्र जोडताना ते किती एक्स्पोजरांचे, किती स्टॉपांच्या अंतराचे आणि टोन मॅपिंग केलेले आहे किंवा नाही, हे चित्राखाली नोंदवावे, आणि मूळ रॉ प्रती विभागाच्या संग्रहात ठेवाव्यात. पोथ्या जपल्या म्हणूनच आवृत्ती पुन्हा तपासता येते. छायाचित्राच्या बाबतीत ही शिस्त अद्याप पडावयाची आहे.