वाल्मीकींची मिरास आणि ‘गीतरामायण’

भोपाळच्या बिट्टन मार्केटमधील दसरा मैदानावर रावणदहन होते, तेव्हा वाल्मीकींची अनुज्ञा कोणी मागत नाही. रामकथा ही सर्वांची मिरास आहे. याच मिराशीतून ग. दि. माडगूळकरांचे ‘गीतरामायण’ १९५५ साली पुणे आकाशवाणीवर अवतरले. कथा मोकळी म्हणून कवीचे काम सोपे झाले, असे मात्र समजू नये. श्रोत्यांस कथानक मुखोद्गत असता नावीन्य कथनातच शोधावे लागते. कुशलवांच्या गायनाची चौकट वाल्मीकींचीच. परंतु ५६ गीतांत कौसल्या, सीता, भरत आपापले मन स्वमुखे उकलतात. क्वचित कथा पुढे नेण्याचा भार भावावर पडतो, हे दोषस्थल मान्य केले पाहिजे. तरीही ही कृती अनुवाद नव्हे, नवनिर्मिती होय.

कवी १९७७ साली निवर्तले. कायद्यातील ६० वर्षांची मुदत सरून १ जानेवारी २०३८ रोजी त्यांची पदेही सर्वांची होतील. तोवर वारसांचा हक्क पाळणे हा आपला धर्म. पुढे कसोटी आपली आहे: त्या पदांची नुसती उजळणी करावयाची, की माडगूळकरांप्रमाणे घेतलेल्या धनात स्वतःची भर घालावयाची?